मागे पडलेला खेळाडू आणि होरपळलेला डोमकावळा

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचताना घोटाळा होणार नाही. नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या प्राणिकथांवर बोर्ड गेम रचायला घेतला आहे. चार खेळाडू, चार प्राणी, सात फेऱ्या. जगात थंडी आहे, आग एका बेटावर आहे, ती आणायची. थंडीची सोंगटी शेवटच्या घरात पोचली तर सगळे हरले. आग आली तर ज्याचे गुण सर्वांत जास्त तो एकटा जिंकला. चौथ्या फेरीपर्यंत डाव छान रंगतो. मग मागे पडलेला खेळाडू हात आखडता घेतो, 'मी जिंकणार नाहीच, मग आग आली काय नि न आली काय' म्हणतो आणि डाव कोसळतो. सशाला फितूर केलं तर हे सुटेल का, असं त्यांनी विचारलं आहे. शेवटी जरा संकोचून आणखी एक प्रश्न विचारला आहे: आपण चेरोकी नसताना हा खेळ करावा का?

तुम्ही पाठवलेले नियम मी छापून घेतले, पुठ्ठ्यावर पट आखला आणि पुण्यात आमच्या रविवारच्या टेबलावर तीन डाव खेळून पाहिले. तिन्ही वेळा तुम्ही म्हणता तेच झालं. एका डावात तर पाचव्या रात्रीच. (तुमच्या खेळात एक फेरी म्हणजे एक रात्र.)

पहिली गोष्ट, त्या खेळाडूला खुनशी म्हणू नका. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, पण तुमच्या टेबलावरचा माणूस तसा नाही. तो तुमचे नियम नीट वाचतो आहे, एवढंच. तुमच्या नियमात दुसरा आला काय, चौथा आला काय आणि सगळे थंडीने गारठून मेले काय, त्याच्या पदरात सारखंच पडतं: काही नाही. मग शेवटचे दोन पत्ते त्याने दुसऱ्याच्या विजयासाठी का टाकावेत? उलट 'मी टाकत नाही' म्हणाला की सगळं टेबल त्याच्याकडे बघतं, त्याला विचारतं, विनवतं. मागे पडलेल्या माणसाला मिळालेलं हे एकमेव बळ आहे आणि तो ते वापरणारच.

अर्धसहकारी खेळ, म्हणजे आपण ज्याला सेमी-को-ऑप म्हणतो, त्या सगळ्या जातीचंच हे जुनं दुखणं आहे. अ‍ॅव्हलॉन हिलचा १९९० चा 'रिपब्लिक ऑफ रोम' घ्या. सिनेटमधले गट एकमेकांवर कुरघोडी करतात, पण रोमच पडलं तर सगळे हरतात. २०१२ च्या 'आर्किपेलॅगो'त बेटावरचा असंतोष हाताबाहेर गेला की डाव संपतो. हे खेळ मनापासून आवडणारे लोक आहेत, मीही आहे, पण दोन्ही खेळांच्या टेबलावर 'बुडवू का?' ही धमकी ऐकलेली आहे. २००९ च्या 'कॅसल पॅनिक'ने वेगळा मार्ग धरला: किल्ला सगळ्यांनी मिळून वाचवायचा, मग गुण मोजून एकाला मानाचं पद द्यायचं, आणि ज्यांना चुरस नको त्यांनी गुण मोजूच नयेत. २०१४ च्या 'डेड ऑफ विंटर'ने सर्वांत कामाची गोष्ट शिकवली. तिथे सगळ्यांचं एक उद्दिष्ट आणि प्रत्येकाचं एक गुप्त उद्दिष्ट. दोन्ही साधली तर तुम्ही जिंकलात, आणि असे एकाहून जास्त लोक एकाच डावात जिंकू शकतात. 'सर्वांत जास्त गुण' ही कल्पनाच तिथे नाही. शेजाऱ्याला माझ्याहून जास्त मिळालं म्हणून माझं काही कमी होत नाही.

पण मी तुम्हाला 'डेड ऑफ विंटर'ची नक्कल करा असं सांगणार नाही, कारण तुमच्या हातात जी गोष्ट आहे तिच्यात याहून चांगलं उत्तर आहे. तुम्ही ती गोष्ट पटाच्या चित्रासाठी वापरली आहे. नियमांसाठी वापरून बघा.

गोष्ट पुन्हा नीट आठवा. जेम्स मूनी या अमेरिकन सरकारच्या मानववंश अभ्यासकाने १८८७ ते १८९० या काळात चेरोकींमध्ये राहून कथा टिपल्या आणि त्याचा संग्रह १९०० साली छापला गेला. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश कथा एकाच माणसाने सांगितलेल्या आहेत. त्याचं नाव आयुनिनी, इंग्रजीत 'स्विमर'. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी तो वारला. त्या संग्रहातली आगीची गोष्ट अशी: सुरुवातीला आग नव्हती, जग गार होतं. मेघगर्जनांनी वीज पाठवून बेटावरच्या एका पोकळ सिकमोर झाडाच्या बुंध्यात आग ठेवली. वर येणारा धूर सगळ्यांना दिसत होता, पण मध्ये पाणी. सभा भरली. ज्यांना उडता येतं, पोहता येतं, ते सगळे जायला उत्सुक होते.

डोमकावळा मोठा आणि बळकट, म्हणून आधी तो गेला. उंच उडाला, पाणी ओलांडलं, झाडावर बसला. आणि आता पुढे काय करायचं याचा विचार करत बसला असतानाच उष्णतेने त्याची पिसं काळी पडली. घाबरून रिकामा परत आला. मग छोटं घुबड गेलं. त्याने वरून पोकळ बुंध्यात डोकावून पाहिलं, खालून गरम झोत आला आणि डोळे होरपळले. ते अजून लाल आहेत. मग दोन मोठी घुबडं गेली. तोवर आग इतकी पेटली होती की धुराने आंधळी व्हायची वेळ आली, आणि वाऱ्याने उडालेल्या राखेची पांढरी कडी त्यांच्या डोळ्यांभोवती बसली. ती चोळून चोळूनही गेली नाहीत. मग छोटा काळा साप पाण्यातून पोहत गेला, बुंध्याशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरला. आतल्या धगीत आणि धुरात आंधळ्यासारखा इकडेतिकडे सैरावैरा झाला, नशिबाने त्याच भोकातून बाहेर पडला. तेव्हापासून तो काळा आहे आणि तेव्हापासूनच असा झपकन पळतो आणि पळता पळता उलट फिरतो. मग मोठा काळा साप बाहेरून चढून वरच्या तोंडाशी गेला, धुराने गुदमरून आत पडला आणि काळाठिक्कर होऊन बाहेर आला.

आता पुढचं वाक्य तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. पुन्हा सभा भरली, थंडी तशीच होती, पण आता पक्षी, साप, चार पायांचे प्राणी, प्रत्येकाकडे न जाण्याची काही ना काही सबब होती. म्हणजे तुमच्या पाचव्या फेरीत जे होतं तेच. मागे सरणारा खेळाडू या कथेत आधीपासून आहे. फक्त कथेत तो जिंकत नाही म्हणून नव्हे, भीतीने मागे सरतो.

शेवटी पाण्यातली कोळीण म्हणते, मी जाते. (इथे कोळीण म्हणजे जाळं विणणारा आठ पायांचा कोळी, त्याची मादी. चेरोकीत कानानेस्की अमायेही.) मूनीने हेही टिपलं आहे की डासासारखी दिसते ती नव्हे, काळी लव आणि अंगावर लाल पट्टे असलेली, पाण्यावरून धावणारी आणि तळापर्यंत बुडी मारणारी. तिला विचारतात, तू पोचशील, पण आग आणशील कशी? ती म्हणते, ते मी बघते. अंगातून धागा काढते, त्याची वाटी विणते, ती वाटी पाठीवर बांधते, पाणी ओलांडते, एक लहानसा निखारा वाटीत घेते आणि परत येते.

ही गोष्ट आपण ऐकतो तेव्हा 'शेवटी लहानगी जिंकली' एवढंच लक्षात ठेवतो. मला मात्र दिसतं की जे जे गेले त्या प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी राहिलं. डोमकावळा हरला, पण आजही कुणी मूल विचारतं की तो काळा का, तेव्हा त्याची गोष्ट सांगितली जाते. जे सबब सांगून घरी बसले त्यांच्याबद्दल सांगायला काहीच नाही, त्यांची नावंही त्या वाक्यात नाहीत. तुमच्या खेळातला विजय इथे आहे. गुण फेका आणि त्यांच्या जागी खुणा आणा.

नियम असा करून बघा. पटावर गुण मोजायची पट्टी नको. त्याऐवजी कोळिणीचं जाळं काढा, सात धाग्यांचं. (चेरोकी परंपरेत चार आणि सात हे आकडे महत्त्वाचे, त्यांची कुळंही सात. तुमच्या सात फेऱ्या तशाच ठेवा.) दर रात्री प्रत्येकाने हातातले पत्ते पालथे टाकायचे, काही सगळ्यांच्या 'वाटे'वर, काही स्वतःच्या 'घरट्या'त. वाटेवर पुरेसं जमलं तर एका प्राण्याला बेटावर जाता येतं. जो जातो तो आग आणत नाही, कधीच आणत नाही. तो खूण घेऊन येतो आणि जाळ्यात एक धागा घालतो. त्याचा एक पत्ता कायमचा कमी होतो, हातात पाचाऐवजी चारच. पण खुणेबरोबर त्याला एक कसब मिळतं. सातवा धागा पडला की कोळीण निघते. एका रात्रीत दोघांना जाता यावं इतकी वाट कधीमधी साठू द्या, नाहीतर एक फेरी वाया गेली की हिशेबच बसणार नाही.

कोळीण कुणा खेळाडूची नसावी. तुमच्या रचनेत ती चौथ्या खेळाडूकडे आहे, म्हणून ज्याला ती मिळते तो डाव सुरू व्हायच्या आधीच निम्मा जिंकलेला असतो. ती सगळ्यांची सोंगटी करा, पटाच्या कडेला बसलेली.

कसब कथेतूनच काढा, मनाने जोडू नका. डोमकावळा झाडावर बसून विचार करत राहिला, तर खूण झालेल्या डोमकावळ्याने पत्ते सर्वांत शेवटी टाकावेत, बाकीच्यांनी किती टाकले ते मोजून. घुबडाने वरून डोकावलं, तर त्याला थंडीच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता बघता यावा. साप उलट फिरतो, तर त्याला टाकलेला एक पत्ता उचलून दुसरीकडे ठेवता यावा. आमच्या टेबलावर हे तिसरं कसब आलं आणि एकजण न सांगताच म्हणाला, "हा तर सापच." नियमातून प्राणी ओळखता आला की पत्त्यावर परिच्छेद छापायची गरज उरत नाही. तुमच्या नमुन्यात घुबडाला 'रात्री दिसतं' असं कसब आहे. ते काढा. रात्री दिसण्याची कथा वेगळी आहे: जग नवं असताना सगळ्या प्राण्यांना आणि झाडांना सात रात्री जागं राहायला सांगितलं होतं, शेवटपर्यंत जागे राहिले त्यांत घुबड होतं, म्हणून त्याला अंधारात दिसतं. झाडांपैकी देवदार, पाइन वगैरे जागी राहिली म्हणून ती सदाहरित. दोन कथांची अशी सरमिसळ आपल्याला किरकोळ वाटते, ज्यांच्या त्या कथा आहेत त्यांना ती लगेच खुपेल.

आता चुरस कुठे? प्रत्येकाकडे एक गुप्त पत्ता, 'माझी गोष्ट'. बहुतेक पत्त्यांवर दोन खुणांची अट ठेवा. चार खेळाडूंना दोन-दोन म्हणजे आठ, आणि धागे सात. एवढ्या एका फरकावर डाव उभा राहतो. कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण सगळ्यांना जागा पुरणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय एखाददुसऱ्या पत्त्यावर वेगळी अट द्या: एक खूण, आणि दुसरं कुणी बेटावर जातं अशा तीन वेळी वाटेवर सर्वांत जास्त पत्ते. म्हणजे मागे राहून इतरांना पाठवणाराही आपली गोष्ट पुरी करू शकतो, आणि तो मदत का करतो आहे हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही. तिघे खेळत असतील तर खुणा तीन-तीन करा, नऊ विरुद्ध सात. ते जरा कडक पडेल, तपासून घ्या.

मग नियमपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, चित्राच्याही आधी, तीन निकाल उतरत्या क्रमाने लिहा. आग आली आणि माझी गोष्ट पुरी झाली: माझी गोष्ट सांगितली जाईल. आग आली पण माझी गोष्ट अपुरी राहिली: मला ऊब मिळाली. आग आली नाही: कुणाचीच गोष्ट नाही, कारण ती सांगायला कुणी उरलं नाही. हे तीन निकाल एकसारखे नाहीत हे खेळाडूंना सांगावं लागतं, ते आपोआप समजत नाही. बहुतेक सेमी-को-ऑप खेळ इथेच मार खातात. रचणाऱ्याच्या मनात क्रम स्पष्ट असतो, पुस्तिकेत मात्र 'नाहीतर सर्वजण हरतात' एवढंच छापलेलं असतं.

आणखी एक खबरदारी घ्या. शेवटच्या रात्री कुणा एकाच्या नकाराने आग अडता कामा नये. चौघांपैकी तिघांच्या पत्त्यांवर कोळीण परत येऊ शकली पाहिजे. एकाच्या हातात नकाराधिकार दिला की धमकी परत आली. दोघांनी मिळून अडवलं तर अडू द्या, तेवढी भीती हवी, नाहीतर थंडीला अर्थ राहत नाही.

हे बदल करून आम्ही पुन्हा दोन डाव खेळलो. दुसऱ्या डावात एक कॉलेजातली मुलगी घुबड होती. एक खूण झालेली, दुसरी मिळण्याची शक्यता संपलेली, आणि बाकी दोघांच्या गोष्टी पुऱ्या झाल्याचं सगळ्यांना दिसत होतं. तुमच्या जुन्या नियमांत याच मुलीने हातातले दोन पत्ते शांतपणे घरट्यात ठेवून दिले होते. यावेळी तिने ते बराच वेळ धरून ठेवले, एकदा वाटेवर नेले, परत मागे घेतले. मग पुस्तिकेचं पहिलं पान उलटून पाहिलं आणि दोन्ही वाटेवर ठेवले. डाव संपल्यावर तिने आपल्या घुबडाच्या पाटीवर राखेचं दुसरं कडं पेन्सिलने काढलं. दोन डावांवरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, पण तिचा हात जिथे थांबला आणि जिथे वळला ते मी पाहिलं आहे, आणि तेवढ्यावरून ही दिशा बरोबर आहे असं माझं मत आहे.

सशाबद्दल. सशाला, म्हणजे त्सिस्दूला, फितूर करू नका. याचं एक कारण खेळाचं आहे: चार जणांत एक फितूर असला की ज्याच्यावर संशय येतो तो पहिल्या दोन फेऱ्यांतच कोपऱ्यात ढकलला जातो, आणि बाकीचा डाव म्हणजे त्याची चौकशी. खरं कारण मात्र कथेतलं आहे. चेरोकी ससा लबाड आहे, बढाईखोर आहे, पण तो कुणाच्या तरी बाजूने आपल्या लोकांना विकणारा नव्हे. हरणाशी शर्यत लागते तेव्हा तो आदल्या वेळी झुडपांतून कुरतडून वाट करून ठेवतो, पकडला जातो, आणि बक्षिसाची शिंगं हरणाला मिळतात. कासवाशी शर्यत लावतो तेव्हा उलट तोच फसतो: कासवाने प्रत्येक डोंगरमाथ्यावर आपल्यासारखेच दिसणारे नातलग बसवलेले असतात, आणि ससा धापा टाकत वर येतो तर पुढच्या माथ्यावर कासव चढताना दिसतंच. असा ससा म्हणजे आपल्या सगळ्यांमधला मोह. म्हणून तो पत्ता करा. सशाचा पत्ता कुणालाही उचलता यावा. तो उचलला की त्या रात्री वाटेवर न टाकताही टाकल्यासारखं दाखवता येतं. सापडलात तर जमा असलेलं सगळं घरटं शेजाऱ्याला. आणि तीन रात्री कुणीच तो उचलला नाही तर पत्ता आपोआप फिरत पुढे जातो. यातून संशय टिकतो, पण कुणाच्या कपाळावर फितुरीचा शिक्का बसत नाही.

वटवाघळाची कथाही तुमच्याकडे आहे, पण तुम्ही ती वापरलेली नाही. प्राणी आणि पक्ष्यांचा चेंडूचा सामना ठरतो. उंदराहून जेमतेम मोठे असे दोन जीव पक्ष्यांकडे येतात, कारण प्राण्यांनी त्यांना हसून हाकललेलं असतं. पक्षी नगाऱ्यावरच्या कातड्याचा तुकडा कापून, बांबूसारख्या वेताच्या काड्यांवर ताणून एकाला पंख करून देतात, ते वटवाघूळ. कातडं संपतं म्हणून दुसऱ्याचं अंगचंच कातडं दोन्हीकडून ओढून ताणतात, ती उडती खार. आणि हे दोघे सामना पक्ष्यांच्या बाजूने फिरवतात. यावर दुसरा डाव रचता येईल, पहिल्या पेटीत तो कोंबू नका.

प्राण्यांच्या सभेची कथा मात्र जपून हाताळा. माणसं फार शिकार करू लागली म्हणून प्राणी सभा भरवतात आणि माणसावर रोग सोडायचं ठरवतात. तिथे चिपमंक, म्हणजे जमिनीवर राहणारी पट्टेरी खार, एकटी माणसाच्या बाजूने बोलते. बाकीचे चिडून तिला ओरबाडतात, तेच तिच्या पाठीवरचे पट्टे. तुम्ही नियमांत या पत्त्याला 'खारीचा वाटा' असं नाव दिलं आहे. माझ्याही हातून तेच झालं असतं. खारीच्या पाठीवरचे पट्टे म्हटलं की आपल्याला सेतू आणि रामाची बोटंच आठवतात. पण आपल्या खारीच्या पाठीवर शाबासकी आहे. चिपमंकच्या पाठीवर भर सभेत एकट्याने विरोधात बोलल्याच्या जखमा आहेत. ते नाव बदला, नाहीतर त्यांची कथा आपल्या कथेखाली झाकली जाईल. आणि रोग व औषधांचा हा भाग श्रद्धेला लागून आहे. मूनीनेच लिहिलं आहे की विश्वाच्या उत्पत्तीच्या पवित्र कथा सगळ्यांना सांगितल्या जात नसत, त्यासाठी रात्रीची वेळ, जाणता माणूस आणि विधी लागे. हलक्याफुलक्या प्राणिकथा मात्र कुणीही कुणाला सांगायचं. ही रेघ तुमच्यासाठी सोयीची आहे. तिच्या अलीकडे राहा. मंत्र, औषधं, विधी, मुखवटे पटावर नकोत. आगीच्या कथेबद्दलही स्वतः ठरवू नका, विचारा.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. करावा का? माझं उत्तर: करावा, पण एकट्याने नाही. मूनीचा संग्रह शतकाहून जुना आहे, त्यावर स्वामित्वहक्क नाही, कायद्याने तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण ज्यांच्या त्या कथा आहेत ते लोक आज आहेत, तुमच्याच राज्यात आहेत. १८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे १६ हजार चेरोकींना त्यांच्या डोंगरांतून हाकलून पश्चिमेला नेलं, वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसं मेली असं मानलं जातं. डोंगरात मागे राहिले त्यांचे वंशज म्हणजे तुमच्याकडचा ईस्टर्न बँड. ओक्लाहोमात टालेक्वा इथे चेरोकी नेशन आणि युनायटेड कीटूवा बँड ही दोन वेगळी शासनं आहेत. तिघांची मतं एकच असतील असं धरू नका. तुमच्या पुस्तिकेत 'चेरोकी लोक मानत असत', 'त्यांची भाषा होती' अशी वाक्यं तीन ठिकाणी आहेत. ती आधी वर्तमानकाळात आणा.

चेरोकी गावात म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल आहे, तिथून सुरुवात करा. नमुना घेऊन जा, पेटी छापून नको. कथा सांगणाऱ्या किंवा भाषा शिकवणाऱ्या चेरोकी माणसाला सल्लागार म्हणून रीतसर मानधन द्या आणि 'हे काढा' म्हणायचा अधिकार करारातच द्या. नावं त्यांच्याकडून तपासून घ्या. मी वर लिहिलेली नावं मूनीच्या लेखनावरून आहेत, आजचा उच्चार वेगळा असू शकतो. सिकोया या चेरोकी माणसाने १८२१ मध्ये पुरी केलेली चेरोकी लिपी पटाच्या कडेला नक्षी म्हणून छापू नका. आजची ८५ अक्षरं वाचणारी माणसं आहेत, त्यांना तुमची नक्षी निरर्थक अक्षरांची रांग दिसेल. छापायची तर प्राण्याचं नाव छापा, बरोबर.

पेटीवरच्या मजकुराचीही काळजी घ्या. अमेरिकेत १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट आहे. मूळनिवासींनी न बनवलेली कलावस्तू त्यांनी बनवली असं भासवून विकणं त्यानुसार गुन्हा आहे. बोर्ड गेमला तो कितपत लागतो ते वकिलाला विचारा, पण 'चेरोकी गेम' असं न लिहिता 'चेरोकी प्राणिकथांवरून सुचलेला' असं लिहा आणि कुणी रचला ते स्पष्ट लिहा. याच क्षेत्रात चेरोकी माणसं स्वतः काम करताहेत हेही पाहा. 'कोयोटी अँड क्रो' हा भूमिकांचा खेळ (रोल-प्लेइंग गेम) रचणाऱ्या गटाचे प्रमुख कॉनर अलेक्झांडर चेरोकी नेशनचे नागरिक आहेत. २०२१ मध्ये लोकवर्गणीतून त्याला दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. त्यात मूळनिवासी नसलेल्या खेळाडूंसाठी वेगळ्या सूचना आहेत. त्या वाचा, तुम्हाला पडलेल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळतील.

आणि पटावर डोंगर काढणार असाल तर एक नाव सुधारून घ्या. तुम्ही स्मोकी पर्वतातल्या सर्वांत उंच शिखराला 'क्लिंगमन्स डोम' लिहिलं आहे. ६,६४३ फुटांच्या त्या शिखराचं चेरोकी नाव कुवोही, तुतीची जागा. सप्टेंबर २०२४ मध्ये ईस्टर्न बँडच्या मागणीवरून ते नाव अधिकृतपणे परत मिळालं. अस्वलांची सभा कथेत तिथेच भरते, म्हातारं पांढरं अस्वल तिथे बसतं.

पुढच्या चाचणीसाठी एवढं करा. चार डाव चार वेगळ्या टोळक्यांबरोबर खेळा, स्वतः खेळू नका, फक्त बघा. पाचव्या रात्री प्रत्येकाला कागदावर गुपचूप लिहायला सांगा: आत्ता तुला काय हवंय, आणि आग आलीच नाही तर तुला किती वाईट वाटेल. मागे पडलेल्याच्या कागदावर 'फरक पडत नाही' असं आलं तर अट दोन खुणांवरून दीड करता येणार नाही, म्हणून धागे आठ करावेसे वाटतील, ते करू नका. त्याऐवजी मदतीच्या अटीचे पत्ते एकाऐवजी दोन करा. ते कागद आणि प्रत्येक डावातल्या खुणांचा हिशेब मला पाठवा, मग कासवाच्या नातलगांचं कसब कुठे बसतं ते बघू.